वेबसाइटचं पान किती बाय कितीचं धरायचं? एका फ्लेक्सवाल्याचा हिशोब

आमच्या धंद्यात सगळं साईजपासून सुरू होतं. गिऱ्हाईक दुकानात आलं की चहा सांगायच्या आधी विचारायचं, किती बाय किती? दहा बाय वीसचा फ्लेक्स, सहा बाय चारचा, ए-फोर पॅम्प्लेट, लग्नपत्रिका. साईज ठरली की कोरलमधी (छपाईचं डिझाइन करायचं सॉफ्टवेअर) पान उघडायचं, कडेनं मार्जिन सोडायचं अन् लागायचं कामाला. परभणीत मी वर्षानुवर्षं हेच केलं, त्यामुळं मोंढ्यातले एक आडते म्हणले, भाऊ आमची बी एक वेबसाइट करून द्या, रोजचे भाव टाकायचेत, तर मी सवयीनं विचारलं, किती बाय किती? शेठ म्हणले, मला काय विचारायलाव, तुम्हीच सांगा की.

मला तरी कुठं माहीत होतं. माझ्या लॅपटॉपची स्क्रीन १३६६ बाय ७६८ ची, म्हणून मी कोरलमधी १३६६ रुंदीचं पान घेतलं, वर गणपती, मधी शेठचा फोटो, खाली सोयाबीन-तूर-हरभऱ्याचा तक्ता, कडेला झेंडूची बॉर्डर, सगळं मस्त केलं अन् जेपीजीचे तुकडे करून चढवून दिलं. माझ्या लॅपटॉपवर लई भारी दिसायचं. दुसऱ्या दिवशी शेठनं मोंढ्यात काट्यापाशी उन्हात उभं राहून मोबाइलवर उघडलं, दोन बोटांनी मोठं करायले, ढकलायले, भाव दिसला तर मालाचं नाव दिसंना, नाव दिसलं तर भाव पळाला. मला फोन करून म्हणले, भाऊ, हे तर पानच हलायलंय, पत्रिकेचा फोटो काढून टाकला का काय?

तेच केलं होतं मी. तर जे कोणी छपाईतून, फ्लेक्समधून वेबसाइटकडं यायलेत, किंवा स्वतःच्या दुकानाची, क्लासची, दवाखान्याची साइट स्वतःच बनवायलेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय, कारण ही चूक आपण सगळेच करतो.

मुद्दा असा की फ्लेक्सची साईज आपण ठरवतो, वेबसाइटच्या पानाची साईज बघणारा ठरवतो. ३६० पिक्सेल रुंदीचा मोबाइल, १३६६ चा लॅपटॉप, कॉलेजातल्या लॅबमधला १९२० चा मॉनिटर, पान तेच, कागद दर वेळी वेगळा. आपल्या हातात तीनच गोष्टी राहतात, कमीत कमी किती रुंदीत पान नीट दिसलं पाहिजे, जास्तीत जास्त किती रुंद होऊ द्यायचं, अन् जागा कमी पडली की कोणाच्या खाली कोण जाणार. उंची ठरवायच्या भानगडीत पडूच नका, ती मजकुरावर सोडा.

आधी पिक्सेलचा, म्हणजे स्क्रीनवरच्या ठिपक्यांचा, घोळ मिटवून घेऊ. मोबाइलच्या डब्यावर लिहिलेलं असतंय १०८० बाय २४००, म्हणून पोरं १०८० चं डिझाइन करतात. पण ब्राउजर ते १०८० मोजत नाही. तो तीन-तीन बारीक ठिपक्यांचा मिळून एक ठिपका धरतो, म्हणजे १०८० भागिले ३, ३६०. अन् २४०० भागिले ३, ८००. म्हणून त्या मोबाइलवर तुमच्या पानाला मिळणारी रुंदी ३६०. काही कंपन्या भागाकार वेगळा धरतात म्हणून कुठं ४१२ बी येतं, आयफोन ३७५, ३९०, ३९३ असे. लॅपटॉपलाबी हेच लागू, १९२० ची स्क्रीन असली तरी विंडोजमधी स्केलिंग १२५ टक्के असलं (बऱ्याच लॅपटॉपला आधीपासूनच असतंय) तर ब्राउजरच्या हातात १५३६ च येतात. म्हणून डब्यावरचा आकडा विसरा. लक्षात ठेवायचे आकडे इतकेच, मोबाइल ३६० ते ४३०, टॅब ७६८ ते ८२०, लॅपटॉप १३६६ अन् १५३६, मोठा मॉनिटर १९२०.

अन् एक टॅग, म्हणजे पानाच्या कोडमधी ब्राउजरला दिलेली सूचना, जी मी विसरलो होतो. पानाच्या हेडमधी व्ह्यूपोर्ट नावाचा मेटा टॅग लागतो, त्यात रुंदी म्हणजे डिव्हाइसची रुंदी असं सांगायचं असतं. तो नसला की मोबाइल समजतो हे जुन्या काळातलं कॉम्प्युटरचं पान दिसतंय, मग तो पान ९८० रुंदीचं धरून मांडतो अन् आकसून ३६० मधी बसवतो, म्हणजे अक्षर एक तृतीयांश. आपण म्हणतो फॉन्ट लहान झाला, फॉन्ट वाढवत बसतो, अन् गडबड भलतीकडंच असते. वर्डप्रेससारख्या साइट बनवायच्या साधनात थीम, म्हणजे तयार डिझाइन, हा टॅग स्वतःच टाकते, हातानं एचटीएमएल (पानाचा कोड) लिहिणाऱ्यांनी बघून घ्या. अन् त्याच टॅगमधी काही जण झूम बंद करून ठेवतात, ते नका करू, आपल्याकडं चष्मा घरी विसरून मोंढ्यात आलेले काका लई असतात.

जुने आकडे कुठून आले

नेटवर वाचायला गेलं की ९६० हा आकडा जिथंतिथं दिसतो. स्क्रीन ८०० बाय ६०० च्या होत्या तवा लोक ७६० च्या आसपास पान धरायचे, १०२४ च्या आल्यावर ९६० धरायला लागले, कारण स्क्रोलबार अन् कडा सोडून तेवढं बसायचं अन् ९६० ला २, ३, ४, ५, ६, ८, १०, १२ सगळ्यांनी भाग जातो, कॉलम पाडायला सोपं. मग मोबाइल आले, अन् २०१० च्या मे महिन्यात ईथन मार्कोट नावाच्या डिझायनरनं एका लेखात म्हणलं की प्रत्येक स्क्रीनसाठी वेगळं पान कशाला, एकच पान असं करा की ते रुंदीप्रमाणं स्वतःला बदलंल. त्याला त्यानं रिस्पॉन्सिव्ह म्हणलं, अन् आजपर्यंत तेच चाललंय. म्हणून आज कोणी सांगितलं ९६० चं फिक्स पान करा, तर त्याला चहा पाजा अन् वाटं लावा.

मोबाइलपासून सुरू करा, पण खरंच

सगळे म्हणतात मोबाइल फर्स्ट, अन् लॅपटॉपवर डिझाइन करून शेवटी मोबाइलवर कोंबतात. मी आता कोऱ्या कागदावर चौकट आखतो, बोटभर रुंदीची अन् दोन बोटं उंचीची, अन् पेन्सिलनं लिहितो की ह्या चौकटीत पहिलं काय. आडत्याच्या साइटवर पहिलं काय असतं? भाव. दुसरं? भाव. मग फोन नंबर. शेठचा फोटो, दुकानाचा इतिहास, गणपती, हे सगळं खाली, शेठला वाईट वाटलं तरी. (वाटलं. मग गणपती छोटा करून नावाशेजारी घेतला, तो विषय तिथं मिटला.)

आता ३६० चा हिशोब मांडू. दोन्ही कडेला १६-१६ मोकळे सोडायचे, सोडायचेच, नाहीतर अक्षर काचेच्या कडेला चिकटतं. राहिले ३२८. ह्या ३२८ मधी माझा जुना तक्ता बघा, शेतमाल, आवक, किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर, तारीख, सहा कॉलम. एका कॉलमला ५४-५५ पिक्सेल. नुसता "सर्वसाधारण" हा शब्द १६ च्या अक्षरात त्याच्यात मावत नाही. मग लोक काय करतात, अक्षर १० चं करतात, नाहीतर तक्ता आडवा सरकणारा करतात, अन् आडवा सरकला की पुन्हा तेच, भाव दिसतो तर नाव जातं.

मी शेवटी तक्ता मोडला. मोबाइलवर एका मालाची एक पट्टी, डावीकडं मोठ्या अक्षरात मालाचं नाव, उजवीकडं तेवढ्याच मोठ्या अक्षरात सर्वसाधारण दर, अन् त्याच्याखाली बारीक करड्या अक्षरात किमान, कमाल अन् आवक एका ओळीत. तारीख प्रत्येक पट्टीत कशाला पाहिजे, ती वर एकदाच. ७६८ च्या पुढं रुंदी गेली की हाच मजकूर परत सहा कॉलमचा... नाही, पाच कॉलमचा तक्ता होतो, तारीख तर गेलीच होती. शेठनं बघितलं, म्हणले आता कसं हिशोबपट्टीवर लिहिल्यावानी दिसायलंय. मोबाइलवर जागा कमी म्हणून मी तारखेचा कॉलम काढला, अन् मग लक्षात आलं की तो लॅपटॉपवर बी फालतूच होता.

३६० झालं की एकदा ३२० वरबी बघा. आता ३२० चे मोबाइल कुठं राहिलेत असं वाटंल, पण कमी दिसणारा माणूस १२८० च्या स्क्रीनवर ४०० टक्के झूम करून वाचतो तवा ब्राउजरला ३२० च मिळतात, म्हणून वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात याचे जे नियम आहेत, डब्ल्यूसीएजी, त्यातबी ३२० रुंदीवर पान आडवं सरकू नये असं लिहिलंय. भाव बघायला येणाऱ्यांत साठीचे लोक किती असतात ते मोंढ्यात बसून बघा.

बटणं बोटाच्या मापाची करा. त्याच नियमांत कमीत कमी २४ बाय २४ म्हणलंय, पण ते अगदीच किमान, अॅपल ४४ सांगतं अन् अँड्रॉइड ४८, मी ४८ धरतो, कारण आपल्याकडं कष्टाची जाड बोटं असतात. फोन लावा अन् व्हॉट्सअॅप ही दोन बटणं मी खाली चिकटून राहणाऱ्या पट्टीत ठेवतो, पट्टीची उंची ५६. पण अशी पट्टी केली की पानाच्या शेवटी तेवढीच मोकळी जागा सोडा, नाहीतर शेवटची ओळ कायम पट्टीखाली दबून राहती. आमच्या पानावर शेवटची ओळ पत्त्याची होती, त्यामुळं दोन आठवडे पत्ता कोणालाच दिसला नाही अन् मुनीम लोकांना फोनवर रस्ता सांगून सांगून वैतागला.

फॉर्म असला तर त्यातलं अक्षर १६ च्या खाली नेऊ नका, आयफोन लहान अक्षराच्या डब्यात बोट ठेवलं की पान स्वतःच मोठं करतो अन् सगळं हलतं.

मराठीचं वेगळं आहे बरं का

हे इंग्रजी ट्युटोरियलमधी कोणी सांगत नाही, म्हणून जरा थांबून लिहितो. इंग्रजीसाठी लिहिलेल्या थीममधी शीर्षकाची ओळ-उंची (अक्षराच्या किती पट) १.१ किंवा १.२ असती. आपल्या अक्षराला वर वेलांटी, मात्रा, रफार अन् अनुस्वार, खाली उकार. त्याला जागा लागती. मी एकदा शीर्षकाची ओळ-उंची १ केली, डब्याच्या बाहेर जाईल ते कापायचं असंबी सेटिंग होतं, अन् पानावर ठळक अक्षरात आलं "आजचे तर भाव". तूरचा ऊकार कापून गेला होता! दिवसभर लोकांनी शेठची मजा घेतली, तर भाव काय, तर भाव काय. तवापासून शीर्षकाला १.३५-१.४ अन् मजकुराला १.६ ते १.७५ च्या खाली येत नाही.

अक्षरांत अंतर वाढवायचं जे सेटिंग असतं, लेटर-स्पेसिंग, ते मराठीला शून्य ठेवा. इंग्रजीत ते छान दिसतं, आपल्याकडं वरची रेघ तुटते, शब्द दात पडल्यासारखा दिसतो.

दुसरी गोष्ट शब्दांच्या लांबीची. आपण प्रत्यय चिकटवत जातो, शेतकऱ्यांसाठीच्या, व्यापाऱ्यांकडूनसुद्धा. इंग्रजी थीममधी मेनूच्या बटणाला ९०-१०० पिक्सेल दिलेले असतात, होम, अबाउट, तिथं "आमच्याविषयी" टाकलं की दोन ओळी होतात अन् मेनू लटकतो. बटणाला रुंदी देऊच नका, आत दोन्ही बाजूला १६-१६ ची गादी (पॅडिंग, म्हणजे मोकळी जागा) द्या, शब्द जेवढा तेवढं बटण. अन् मेनू मोबाइलवर चारच शब्दांचा ठेवता आला तर तीन रेघांच्या बटणामागं लपवू नका, समोर ठेवा.

छपाईवाल्यांची अजून एक खोड, दोन्ही कडा सरळ करायची, जस्टिफाय. पेपरमधी ठीक, तिथं ऑपरेटर हातानं शब्द जुळवतो. मोबाइलच्या ३२८ मधी लांब लांब मराठी शब्द जस्टिफाय केले की एका ओळीत तीनच शब्द बसतात अन् मधी एवढाल्या फटी पडतात. डावीकडून सरळ, उजवीकडं जशी येईल तशी.

मजकुराचा कॉलम किती रुंद? इंग्रजीत एका ओळीत ४५ ते ७५ अक्षरं चांगली म्हणतात, आपल्यालाबी साधारण तसंच चालतं, पण जोडाक्षरं-मात्रांमुळं मोजायचं कसं हा प्रश्न येतो, म्हणून मी मोजत नाही, अक्षराच्या साईजच्या ३६ ते ३८ पट धरतो. १८ चं अक्षर असंल तर ६५० ते ६८० रुंदी. मोठ्या मॉनिटरवर मजकूर ह्या कडंपासून त्या कडंपर्यंत पसरला तर ओळ संपवून परत डावीकडं येईपर्यंत कोणती ओळ वाचायलो तेच कळत नाही. अन् श्रीलिपी, शिवाजी असल्या जुन्या फॉन्टमधला मजकूर तसाच चिकटवू नका, युनिकोडमधी (सगळ्या मोबाइलला वाचता येणारं टायपिंग) करूनच घ्या, नाहीतर मोबाइलवर नुसता चिखल दिसतो, रुंदी कितीबी बरोबर धरा.

मोठ्या स्क्रीनवर कुठं थांबायचं

वरची हद्द म्हणून मी ११४० धरतो. बूटस्ट्रॅप नावाच्या तयार कोडमधी मजकुराचा एक डबा ११४० चा आहे (त्याच्या पुढचा १३२० चा), वर्डप्रेसवर पान मांडायचं एलिमेंटर आहे त्याच्यात बी आधीपासून ११४० च असतं, म्हणून काम सोपं पडतं. १३६६ मधी ११४० बसवलं की दोन्ही कडेला शंभराच्या वर मोकळं राहतं अन् स्क्रोलबारबी सुखानं बसतो. १२०० घेतलं तरी कोणी भांडायला येणार नाही. मागचा रंग अन् पट्ट्या पूर्ण रुंदीच्या जाऊ द्या, आतला मजकूर ११४० मधी, अन् नुसता वाचायचा मजकूर त्याच्याबी आत ६८० मधी. वर्डप्रेसच्या नव्या थीममधी हे दोन आकडे वेगवेगळे टाकता येतात, कंटेंटची रुंदी अन् वाइड रुंदी, तिथं ६८० अन् ११४० टाका.

सीएसएस (पान कसं दिसावं ते सांगायचा कोड) लिहिणाऱ्यांनी ध्यानात ठेवायचं की "रुंदी ११४०" असं न लिहिता "जास्तीत जास्त रुंदी ११४०" असं लिहायचं, एवढ्या एका शब्दावर सगळं उभंय. अन् सगळ्या डब्यांना बॉर्डर-बॉक्स लावून टाका, म्हणजे आतली गादी रुंदीतच मोजली जाती. पूर्ण रुंदी पाहिजे म्हणून १०० व्हीडब्ल्यू (खिडकीच्या रुंदीचं माप) लिहू नका, विंडोजवर त्यात स्क्रोलबारची १५-१७ पिक्सेलची जागाबी धरली जाते अन् पान जरासं आडवं सरकतं, कारण शोधून शोधून डोकं फिरतं. १०० टक्के लिहा.

बाजूला दुसरा कॉलम लागतो का? दुकान, दवाखाना, आडत, यांना नाही. न्यूज पोर्टलवाल्यांना लागतो, अन् तालुक्यातालुक्याला पोर्टल निघालेत म्हणून सांगतो. जाहिरातीची कॉमन साईज ३०० बाय २५०, म्हणजे बाजूचा कॉलम ३०० च्या खाली चालणारच नाही. ११४० चे तुकडे असे पाडा, बातमी ७६०, मधी ४० मोकळे, कडेला ३४०. आता ७६० मधी वरची ७२८ बाय ९० ची जाहिरातबी बसती. १०२४ च्या खाली रुंदी आली की कडेचा कॉलम खाली जाऊ द्या. पण सगळाच्या सगळा तळाला नाही, त्यातली एखादी जाहिरात बातमीच्या मधी घ्या, नाहीतर मोबाइलवाल्याला ती दिसणार नाही अन् जाहिरातदार पैसे देणार नाही. अन् जाहिरातीच्या डब्याची उंची आधीच राखून ठेवा. बातमी वाचता वाचता वरून जाहिरात टपकली अन् सगळं खाली सरकलं, हे मला स्वतःला इतकं चीड आणतं की मी तसलं पोर्टल परत उघडतच नाही. फोटोलाबी तसंच, रुंदी-उंची लिहून ठेवली की ब्राउजर जागा धरून ठेवतो.

किती ठिकाणी पान मोडायचं, म्हणजे ब्रेकपॉइंट, तर ७६८ अन् १०२४ च्या आसपास, बास. मोबाइलच्या प्रत्येक मॉडेलसाठी वेगळा नियम लिहित बसू नका. ब्राउजरची खिडकी हळूहळू लहान करत न्या, जिथं पान ओंगळ दिसायला लागलं तिथं एक नियम टाका, मग तो आकडा ६९० येवो का ७४०.

फोटोंची भिंत

लातूरच्या एका क्लासचं काम आलं होतं. तिकडं निकाल लागला की गुणवंतांचे फोटो, शंभर-शंभर चेहरे, हे फ्लेक्सवर आपण किती केलंय. सरांना तीच भिंत वेबसाइटवर पाहिजे होती, एका ओळीत दहा. मोबाइलवर एका ओळीत तीन जरी बसवले तरी मधी १६ चं अंतर धरून एकाला ९९ पिक्सेल येतात, त्यात पोरीचं पूर्ण नाव वडिलांच्या नावासकट कसं बसणार. दोन बसवले की १५६. चेहरा दिसतो, नाव दोन ओळीत येतं, खाली गुण.

इथं सीएसएस ग्रिड कामाला येतं, २०१७ पासून सगळ्या मोठ्या ब्राउजरात आहे. त्याला एवढंच सांगायचं की एक चौकट कमीत कमी १५० ची, मधी १६, अन् जेवढ्या बसतील तेवढ्या बसव. मग मोबाइलच्या ३२८ मधी दोन येतात, टॅबवर कडा सोडून ७२० राहिले तर चार, ११४० मधी सहा. एकबी ब्रेकपॉइंट लिहावा लागत नाही. ३२० वर एकच येतो, मोठ्ठा चेहरा, येऊ द्या, त्या पोराच्या आईला आवडंल.

फोटो सगळे एकाच प्रमाणात कापा, ४ला ५, नाहीतर ओळी खालीवर होतात. अन् मोबाइलवरून काढलेला चार हजार पिक्सेलचा फोटो तसाच चढवू नका. १५६ ची चौकट गुणिले ३ (तोच ठिपक्यांचा भागाकार, आता उलटा), ४६८, म्हणजे ५०० रुंदीचा फोटो जवळपास सगळीकडं स्वच्छ दिसतो. वेबपी फॉरमॅटमधी टाकला तर अजून हलका. शंभर फोटोंना हा फरक लई मोठा पडतो, वाडीवस्तीवर रेंज किती असती ते मी सांगायला नको.

बॅनरचं मात्र सगळ्यांचंच चुकतं. १९२० बाय ६०० चा बॅनर, त्यात "प्रवेश सुरू" ६० च्या अक्षरात. मोबाइलवर तो ३६० रुंद झाला की उंची राहती साडेएकशेबारा... एकशे साडेबारा म्हणा, अन् ते ६० चं अक्षर होतं ११ चं. वाचा आता. बॅनरमधी अक्षर लिहूच नका, फोटो वेगळा, अक्षर वरून टाइप करून टाका. अन् मोबाइलसाठी उभा फोटो वेगळा द्या, १०८० बाय १३५०. व्हॉट्सअॅपवर लिंक पाठवली की जो फोटो दिसतो त्याची साईज मात्र पक्की, १२०० बाय ६३०, तिथं आपला फ्लेक्सवाला हात मोकळा सोडा.

पहिल्या नजरेत किती दिसतं, हेबी बघा. १३६६ बाय ७६८ च्या लॅपटॉपवर ब्राउजरच्या पट्ट्या अन् खालचा टास्कबार जाऊन सहाशे-साडेसहाशे उंची उरते. म्हणून ७०० उंचीचा बॅनर टाकला की भाव खाली गेले. लोक खाली सरकवतात, त्याची भीती नको, पण खाली काहीतरी आहे हे दिसलं तर पाहिजे, पुढच्या गोष्टीचं डोकं वर डोकावू द्या.

तपासायला काही विकत घ्यायचं नाही. क्रोममधी एफ-१२ दाबा, मग कंट्रोल-शिफ्ट-एम, वर रुंदी टाकायचा डबा येतो, ३२०, ३६०, ४१२, ७६८, १०२४, १३६६ टाकून बघा. पण ते झालं की खऱ्या मोबाइलवरच बघा, अन् तोबी तुमचा नाही. मी मुनीमाचा घेतला. त्यानं सेटिंगमधी अक्षर सगळ्यात मोठं करून ठेवलेलं, स्क्रीनला तडा गेलेला, ब्राइटनेस अर्धा, बाहेर उन्हात नेलं तर माझी ती करडी बारीक ओळ, किमान-कमालची, दिसंचना. घरी जाऊन गडद केली.

सगळं झाल्यावर शेठ म्हणले, भाऊ, ह्याचा कागद निघतो का, भिंतीवर लावायला? मला इतका आनंद झाला. प्रिंटसाठी सीएसएसमधी वेगळा कप्पा असतो, त्यात मेनू, बटणं, खालची पट्टी लपवायची, मागचा रंग काढायचा, अक्षर काळं करायचं अन् पानाला साईज द्यायची. ए-फोर, २१० बाय २९७ मिलिमीटर, चारी बाजूला १५ मार्जिन. ती काही हलत नाही. आता रोज सकाळी मुनीम प्रिंट काढतो अन् काट्याशेजारच्या खांबाला चिकटवतो.